एकही खुर्ची हरवली नाही

२ मार्च, सकाळी ७.४०
आजपासून रोजनिशी. रोज पहाटे साडेपाचला उठून लिहायची. आज गजराने दगा दिला.
मोठी बातमी. सगळ्या सेवाभावी संस्थांचे हिशेब आता सरकारी पोर्टलवर. कुणीही, कुठूनही, फुकट बघू शकणार. बाकीच्या संस्थावाल्यांच्या पोटात गोळा आलाय. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटतायत. पस्तीस वर्षं दुसऱ्यांचं ऑडिट केलं, आता जगाने माझं करावं!
संस्था म्हणजे हिने घराच्या पुढच्या खोलीत काढलेलं रुग्णसाहित्य केंद्र. व्हीलचेअर, वॉकर गरजूंना फुकट वापरायला द्यायचे, काम झालं की परत घ्यायचे. ही जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून अध्यक्ष, खजिनदार आणि कुलूप लावणारा मीच.

५ मार्च
हिच्या वह्या काढल्या. जुने हिशेबही अपलोड करायचेत. वाचून डोक्याला हात लावला. ‘खुर्ची नं. ७, भाजीवालीच्या नवऱ्याला, परत आणेल.’ नाही आणली. ‘वॉकर, पाय मोडलेले मास्तर, नाव विचारायचं राहिलं.’ नाव विचारायचं राहिलं! दरवर्षी चार-पाच वस्तू गायब.
बरं झालं मी वेळीच नियम केले. दोन जामीनदार, दोघांचे उत्पन्नाचे दाखले, विजेचं बिल, फोटो. तीन वर्षांत एकही वस्तू हरवलेली नाही. चौदाच्या चौदा खुर्च्या भिंतीला लागून उभ्या. हिची अब्रू मी राखली.

११ मार्च
कोपऱ्यावरचा शिंपी आला. आईसाठी खुर्ची हवी. तिचे पाय गेलेत, बाकी शुद्ध, बुद्धी, जीभ सगळं शाबूत. हा दिवसभर दुकानात, ती घरात एकटी, भिंतीकडे बघत. खुर्ची मिळाली तर सकाळी दुकानात आणून बसवीन म्हणाला, काजं करायला तिचा हात अजून चालतो. काकूंनी तुमच्या शर्टांची काजं तिच्याकडूनच करून घेतली होती, अशीही आठवण करून दिली.
भावनेच्या आहारी गेलो नाही. फॉर्म दिला.

१४ मार्च
पोर्टलने तिसऱ्यांदा नापास केलं. फाइल मोठी. हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली, काका, पानं उलटी स्कॅन झालीत. तुम्ही जरा मान उलटी करा, असं मी तिला म्हटलं नाही. वयाबरोबर संयम येतो.
साखर बंद. उद्यापासून.

१९ मार्च
शिंपी एक जामीनदार घेऊन आला, तोही इस्त्रीवाला. दाखला नाही. परत पाठवलं. जाताना म्हणाला, काका, एकदा घरी येऊन आईला बघून जा, मग तुम्हालाच पटेल. वेळ कुठाय? मुदत ३१ ची. आता तर जास्तच जपायला हवं. एक खुर्ची गेली तर सगळं जग बघणार.
संकल्प: एक तारखेनंतर त्याच्या आईला बघून येणे.

२६ मार्च
झालं अपलोड! एक रकाना होता, ‘लाभार्थी संख्या’. हिच्या वर्षांचे आकडे १४०, १६३, १५१. माझे ६, १, ०. प्रामाणिकपणे भरले. लोकांच्या तब्येती सुधारल्या असाव्यात. शेजारी ‘हरवलेलं साहित्य’: ०, ०, ०. बघून ऊर भरून आला.
मध्येच शिंपी आला. यावेळी दोन्ही जामीनदार, दोन्ही दाखले. पण विजेचं बिल घरमालकाच्या नावावर. चालणार नाही म्हटलं. आज त्याने वाद घातला नाही. फॉर्मची घडी करून खिशात ठेवली आणि गेला. समजूतदार माणूस.

२ एप्रिल
आपले हिशेब नऊ जणांनी पाहिले. त्यात सहा वेळा मीच.
उरलेल्यांत एक आपली लेक निघाली. ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत फोन. सगळी वर्षं उघडून बघितली म्हणे. आईच्या काळात किती वस्तू हरवायच्या, तुम्ही एकही हरवू दिली नाहीत बाबा, असं म्हणाली. कौतुक करावं तर लेकीनेच. आवाज मात्र बसलेला. सर्दी असावी.
मग विचारलं, आई गेल्यावर त्या खोलीत कुणी येतं का. म्हटलं, येतो की, शिंपी येतो. मग दिलीत का, म्हणाली. रेंज जातेय असं सांगून मी फोन ठेवला.
रेंज होती.

३ एप्रिल, पहाटे ५.३०
गजराआधी जाग. हिची वही पुन्हा उघडली. मी स्कॅन करताना नुसते आकडे बघितले होते. एका पानावर लिहिलंय: ‘खुर्ची नं. ३ परत आली नाही. म्हणजे अजून लागतेय.’
चार वेळा वाचलं. ऑडिटच्या भाषेत याला काही अर्थ नाही. तरी वही मिटवेना. फार आठवण आली हिची.
ठरलं. उद्या नं. ११ शिंप्याला. फॉर्म नाही, काही नाही.

४ एप्रिल, सकाळी ९
खुर्ची पुसली, चाकांना तेल दिलं. शिंपी पाया पडायला लागला तर अडवायचं, हेही ठरवून ठेवलंय. निघतो.

४ एप्रिल, दुपार
शिंप्याने मशीन थांबवलं. खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आई शनिवारी गेली म्हणाला.
मला त्याने स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. चिडला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, मी यायला हवं होतं. तो म्हणाला, काका, तुमचे नियम होते. माझ्या बाहीचं बटण लोंबत होतं. त्याने ते बसल्या बसल्या शिवून दिलं, पैसे घेतले नाहीत. मला रडू आलं. तो दुसरीकडे बघत राहिला.
खुर्ची ढकलत परत निघालो. कुणाला तरी देऊनच टाकावी म्हणून वाटेत दोघांना थांबवून विचारलं, घरी कुणाला हवीय का. दोघांच्याही घरचे धडधाकट निघाले.
लेकीचा मेसेज: बाबा, दिलीत का?
‘घेऊन गेलो होतो’ असं टाइप केलं. हिशेबाने ते खरंच होतं. मग खोडलं. मी उशीर केला, एवढंच लिहिलं आणि पाठवलं.