गलबताची धर्ममाता

विंडवर्ड, कॅरियाकू
मंगळवार, दुपार

प्रिय आणि आदरणीय टँटी क्लोटील,

तुझ्या पायांची सूज उतरली का? मीठ कमी केलंस का? (नसशीलच. पण भाचीने विचारलं नाही असं व्हायला नको.) तुझ्या कोंबड्या, तुझे पादरी आणि शेजारची ओडेल या तिघांशीही तुझं बरं चाललं असेल अशी आशा आहे, निदान दोघांशी तरी. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. इथले पादरी उद्या त्रिनिदादला निघालेत, त्यांच्या हाती देईन.

मी खुशाल आहे. खरं तर खुशालपेक्षा जरा जास्तच. त्रेचाळिसाव्या वर्षी शाळेतून रजा काढून परदेशी शिकायला आलेल्या बाईने इतकं सुखात असावं का, हा प्रश्न मी वहीत दोनदा लिहिला आहे. उत्तर अजून लिहिलेलं नाही.

माझा प्रबंध गलबतांच्या नावांवर आहे, हे तुला माहीतच आहे. ("नावं काय, धक्क्यावर बसूनही वाचता येतात," असं तू म्हणाली होतीस. बरोबर होतं, पण आमच्या सरांना सांगू नकोस.) म्हणून ग्रेनाडाहून थेट बेक्वियाला गेले आणि तिथून एकेक बेट करत खाली यायचं ठरवलं. पहिल्याच टपालबोटीत मला इतकं मळमळलं की त्या बोटीचं नाव टिपायचंच राहिलं. मेरो बेटावर एका म्हातारीला सात प्रश्न विचारले. तिने प्रत्येक उत्तराआधी तुरीच्या शेंगांची एक ओंजळ माझ्या मांडीत टाकली, त्यामुळे संध्याकाळपर्यंत तिचं पातेलं सोललेल्या दाण्यांनी भरलं आणि माझ्या वहीचं अर्धं पान. युनियन बेटावर बोटीचा खलाशी म्हणाला, "आत्ताच निघतोय, बाई." मी आपल्या त्रिनिदादच्या हिशेबाने 'आत्ताच'चे दोन तास धरले, निवांत केस धुतले. बोट खरंच आत्ताच निघाली. माणसाने आयुष्यात एकदा शब्द पाळावा आणि नेमका मला गाठून पाळावा! शेवटी एका कोळ्याच्या होडीत, कांद्याच्या पोत्यांवर बसून, ओल्या केसांनी कॅरियाकूला पोचले.

इथे विंडवर्ड गावात एनॉस नावाचा गलबतं बांधणारा सुतार आहे आणि फिलोमिना ही त्याची बायको. चार वर्षं तो किनाऱ्यावर एक शिडाचं गलबत बांधतो आहे. कागदावर एक रेघ नाही, सगळं नजरेने. मी त्यांच्याकडेच खोली घेतली आणि विचारत सुटले: लाकूड कुठलं, फासळ्या किती, शिकवलं कुणी, आणि इतकं तयार गलबत पाण्यात का सोडत नाही? यावर फिलोमिना उठून आत निघून गेली. मग एनॉसकडून कळलं की गलबताच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून उभी राहायची होती तिची बहीण, पण ती अमेरिकेत आहे आणि आता येणार नाही म्हणाली. धर्ममातेशिवाय इथे गलबत पाण्यात सोडत नाहीत. मी त्या रात्री वहीत स्वतःला बरंच बोलून घेतलं.

सकाळी फिलोमिना दारात आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाई, होशील का माझी मॅकोमे?"

आता टँटी, आपल्याकडे मॅको म्हणजे लोकांच्या घरात नाक खुपसणारी. माझे कान तापले. वाटलं, बिचारीने किती सौम्यपणे सुनावलं! मी प्रामाणिकपणे म्हटलं, "होईन कशाला, मी आहेच. लहानपणापासून आहे. घरात सगळे हेच म्हणतात." तर ती रडायलाच लागली, तिने मला मिठी मारली. एनॉसने डोक्यावरची टोपी काढली. मला वाटलं, किती क्षमाशील माणसं ही!

दुपारी तीन बायका माप घ्यायला आल्या. "धर्ममाताबाईंना पांढरं शोभेल की निळं?" "निळं नको गं, आधीच बारीक आहे, समुद्रात दिसायची नाही." तेव्हा कुठे उजेड पडला. मॅकोमे म्हणजे आपल्या लेकराची धर्ममाता, जन्माची सखी. आणि इथे गलबतही लेकरूच. टँटी, तू मिसेस लेझामाला चाळीस वर्षं हीच हाक मारतेस. मी इतकी वर्षं समजत होते की तू तिला तोंडावर भोचक म्हणतेस आणि ती थोर मनाने ऐकून घेते!

चुकून दिलेला होकार हा होकार असतो का? यावर मी वहीची चार पानं भरली आणि मग जाऊन एनॉसला सगळं खरं सांगितलं. तो खूप हसला. मग म्हणाला, "मोकळी आहेस, बाई. चार वर्षं थांबलो, आणखी थांबू." तो ओरडला असता तर मी सुटले असते. मी गलबताच्या पोटावर तळवा ठेवला, लाकूड उन्हाने कोमट झालं होतं, आणि म्हटलं, "मोकळी नाही. होते."

आता मी नावाचं निशाण शिवते आहे. ते डोलकाठीवर उघडेपर्यंत नाव कुणालाही सांगायचं नसतं. म्हणजे जे नाव मी टाक्याटाक्याने लिहिते आहे, तेच तूर्तास माझ्या प्रबंधात लिहिता येत नाही.

मिसेस लेझामांना माझा नमस्कार सांग, आणि माझ्या वतीने मनातल्या मनात माफीही माग.

तुझी भाची,
ऑर्लिन

ता. क. भरतीचं पाणी पुढच्या शनिवारीच गलबत सोडण्याइतकं चढणार आहे. होय, तोच शनिवार, तुझा पंचाहत्तरावा वाढदिवस. हॉल ठरलेला आहे, भाषण मी करायचं आहे, सगळं लक्षात आहे. हे पत्र त्याचसाठी. वरच्या सगळ्या नुसत्या हवापाण्याच्या गप्पा होत्या.

ता. क. २. हेही लिहायलाच हवं: एनॉसने मला मोकळं केलं तेव्हा ती तारीख मला माहीत होती. पहिला होकार चुकून दिला, दुसरा समजून उमजून. रागवायचं तर दुसऱ्यावर रागव.

ता. क. ३. फिलोमिनाने हे पत्र माझ्या खांद्यावरून वाचलं. (मॅकोमेला तो हक्क असतो म्हणे.) ती विचारते, "अगं, मग त्या म्हातारीला वाढदिवस इथे करायला कुणी बंदी केली आहे का?" बोटीचं तिकीट सोबत आहे. एनॉसने तुझ्या नावाने मेजवानीसाठी एक मेंढी बांधून ठेवली आहे, तेव्हा आता येत नाही म्हणालीस तर मेंढी सोडून बाकी सगळ्यांना वाईट वाटेल. केक तुझ्याच हातचा आण. माणसं फक्त दोनशे आहेत.