कातरलेले सात ठोके

६ जानेवारी १९८६
पोचलो एकदाचा कोल्हापुरात! साताऱ्याहून आणलेलं बिऱ्हाड म्हणजे एक ट्रंक आणि ही वही. शिवाजी पेठेत बायडाबाईंकडे खोली मिळाली. ‘या पावणं, पाय धुवा’ म्हणत त्यांनी दारातच तांब्या पुढं केला, आणि जेवल्याशिवाय काही सोडलं नाही. तांबड्या रश्श्यानं माझं नाक वाहायला लागलं, तर त्यांचा मुलगा जोतीराम पोट धरधरून हसला. पेठेच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर आहे. पंजे केवढे, बाप रे!

११ जानेवारी
काम झकास आहे. डॉक्टर नंदिनी कारखानीसांनी हृदयाच्या अभ्यासासाठी दवाखान्यात कॉम्प्युटर आणलाय. ठोका म्हणजे शेवटी वीजच, एका पेशीतून दुसरीत जाते. ती वाट चुकली की ठोके बिघडतात. पेशंटच्या ईसीजीचा कागद फूटपट्टीनं मोजायचा, आकडे प्रोग्रॅमला द्यायचे, की तो आत एक खोटं हृदय चालवतो आणि प्रिंटर त्याची रेघ छापतो. ईसीजीचा स्वच्छ तुकडा कातरून पेशंटच्या कार्डावर चिकटवायचा, हेही माझ्याकडेच. डॉक्टरबाईंची ताकीद एकच: पेशंट हलल्यानं बिघडलेला भाग खुशाल कापा, पण शंका आली तर आधी मला दाखवा.

३ फेब्रुवारी
जोतीरामला खेळताना दोनदा चक्कर आली. बायडाबाईंनी गळ घातली, तुमच्या म्याडमला दावा की त्याला. आज ईसीजी काढला. रविवारी सामना हाय, खेळू द्या, एवढंच त्याचं टुमणं. मधले सात ठोके वेडेवाकडे आले. ते घातले की प्रोग्रॅम अडकतो. आणि डॉक्टरबाई माझी रेघ पुण्याच्या परिषदेत दाखवणार आहेत! पठ्ठ्या सारखा हसत होता, हललाच असणार. कातरले सातही. मग रेघ काय सुरेख आली.

५ फेब्रुवारी
डॉक्टरबाईंनी कार्ड बघितलं. बाकीचा कागदही असाच स्वच्छ होता ना, असं मला विचारलं. मी हो म्हणालो. खेळायला परवानगी मिळाली. जोतीरामनं मला उचलून अंगणात गरागरा फिरवलं.

१० फेब्रुवारी
काल जोतीराम गेला. दुसऱ्या हाफमध्ये त्यानं चेंडू छातीशी अडवला आणि तसाच गुडघ्यांवर बसला. लोकांना वाटलं, वेळ काढतोय. शिट्ट्या मारल्या. मीसुद्धा मारली.

१४ फेब्रुवारी
लाज वाटते. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला बायडाबाई सांगतायत, पावण्यानं लई केलं माझ्या पोरासाठी, त्याचंच आयुष्य न्हवतं. माझं ताट अजून वाढतात, आणि मी निर्लज्जासारखा जेवतो. त्यांना खरं सांगायला हवं. उद्या सांगतो.

१५ फेब्रुवारी
सांगितलं नाही. कामावर दुसऱ्याच पेशंटचे आकडे दिले. रेघेच्या शेवटी एक वाकडा ठोका आला. तो मी दिलेला नव्हता. पण ओळखीचा आहे. जोतीरामच्या सातांतला पहिला. मीच मोजला होता, चुकणार कसा?

१७ फेब्रुवारी
दोन. पहिला आणि दुसरा. बायडाबाईंना सांगितलं नाही.

१८ फेब्रुवारी
तीन. कागद घेऊन डॉक्टरबाईंच्या दारापर्यंत गेलो. त्या विचारतील, हे ठोके तुम्ही आधी कुठं पाहिले? कागद खिशात घालून परत आलो. भित्रा कुठला!

१९ फेब्रुवारी
जेवणाच्या सुट्टीत स्वतःचाच ईसीजी काढला. माझ्या छातीत चार. तेच, त्याच क्रमानं. मधला रविवार सोडला, तर न सांगितलेल्या प्रत्येक दिवसाला एक—

२० फेब्रुवारी
पाच. आता कॉम्प्युटर लागत नाही, मनगटावर बोट ठेवलं की कळतात. बायडाबाईंनी विचारलं, त्वांड का उतरलंय, आता तुमीच माझं ल्योक की.

२१ फेब्रुवारी
सहा. तीनदा त्यांच्यासमोर उभा राहिलो. तीनदा पाणी मागितलं आणि परत फिरलो. जोतीरामही सातव्यापाशीच गेला असणार— तोंडानं जमत नाही. उद्या लिहून ठेवतो.

२२ फेब्रुवारी, दुपार
लिहायला बसलो. बायडाबाई बाहेर तांदूळ निवडतायत. त्यांना वाचता येत नाही. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. म्हणूनच लिहितोय का मी? शी!

हाक मारली. आल्या. काय लिवताय वं, वाचून दावा की, म्हणतायत. समोरच बसल्यात. छातीत एक— दोन— तीन— लिहीन तसं वाचतो. चार—

वाचतो. बायडाबाई, तुमच्या जोतीरामचे सात ठोके मी—