सात दिवसांची पट्टी

पप्पा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मंचरचा कांद्याचा गाळा आता दुसऱ्याकडे आहे. मी अजून त्याच कामात आहे. जखमेवर बसणाऱ्या पट्टीत औषध भरायचं आणि ते एकदम सगळं न सुटता सात दिवस थोडं थोडं सुटेल असं बघायचं. तुम्ही लोकांना सांगायचात, पोरगी पट्ट्या करते.

त्या वर्षी तुमच्या डाव्या टाचेची जखम भरत नव्हती. साखर चढलेली. डॉक्टरांनी लिहून दिलेली पट्टी नेमकी आमच्या कंपनीची निघाली. माझी चार वर्षं तिच्यात गेली होती. मी गाळ्यावर बसून ती बदलते आहे. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, पिवळसर. कळंबचा तुमचा जुना शेतकरी गोणीवर बसून बघतो आहे. "शेठ," तो म्हणतो, "आमचा कांदा जन्मभर इकला, पण तोंडात कधी घातला न्हाई तुमी. आन् पायाला ह्ये काय चिकटवलंय, ते इचारलं का?" हमाल हसतात. तुम्हीही हसता. मग मला विचारता, "कशाची असते गं ही?"

ती कायटोसानची असते. कायटोसान कोळंबीच्या कवचापासून काढतात. मी म्हणते, "समुद्रातल्या शेवाळाची." बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षर भिंगातून वाचणारे तुम्ही नुसती मान हलवता.

जखम भरत आली. पर्युषण संपलं, संवत्सरीचं प्रतिक्रमण झालं. आपल्या जैनांत त्या दिवशी धाकट्यांनी मोठ्यांपुढे हात जोडून वर्षभराची क्षमा मागायची. मी मागितली, आणि तिथेच थांबायचं सोडून कोळंबीचं सांगितलं. तुम्ही पायाकडे बघितलंत. मी घाईघाईनं म्हणाले, की पट्टीसाठी कुणी जीव मारत नाही, ती कारखान्यातली टाकाऊ कवचं असतात.

"टाकाऊ म्हणजे आधी कुणीतरी खाल्लेलं," तुम्ही म्हणालात. आवाज चढला नाही. वाकून पट्टीची कड नखानं उचललीत आणि ती स्वतः सोलून काढलीत.

पुढे साधं कापड आणि मलम. मग डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या, तेव्हा त्यांचं आवरण कशाचं असतं हे तुम्ही कंपाउंडरला विचारलंत. मी शेजारच्या खुर्चीवर होते. जनावराच्या हाडाकातड्याचं, तो म्हणाला, आणि त्याही बंद झाल्या. डॉक्टरांनी समजावलं, चातुर्मासाला आलेल्या महाराजसाहेबांनी औषधाला मुभा असते असं सांगितलं. तुम्ही दोघांचं ऐकून घेतलंत. दिवाळीत टाच काळी पडली. पुण्याला नेऊन गुडघ्याखाली पाय काढला. विष तोवर वर चढलं होतं. शेवटपर्यंत मी पाणी दिलं तरी तुम्ही आईकडे बघून मगच प्यायचात.

आईला वाटतं, त्या दिवशी मनात खोटं राहू नये म्हणून मी बोलले. मी तिला तसं वाटू दिलं आहे. हा कागद तिच्या हाती लागायच्या आत फाडून टाकीन.

मी क्षमा मागायला बसले नव्हते, पप्पा. जखम नखाएवढी उरली होती. ती मी टाकाऊ कवचातून केलेल्या पट्टीनं भरत आणली, हे तुम्हाला कळावं आणि तुम्ही एकदा चांगलं म्हणावं, एवढंच माझ्या मनात होतं.