एकशे अठरा शब्दांची जाहीर सूचना

२ मे १९६६, सोमवार
कालपासून सरकारी कामकाज मराठीत. ग्रामपंचायतीच्या सेक्रेटरीला, म्हणजे मला, शेवटी दिवस आले! कॉलऱ्याच्या भीतीने बुधवारी पहाटे गावविहिरीत औषध टाकायचं आहे. चोवीस तास पाणी भरायचं नाही. सूचना मी लिहिणार. अशी, की बीडीओ साहेब नमुना म्हणून तालुकाभर फिरवतील.

३ मे
सूचना तयार. ‘ज्याअर्थी उपरोक्त विहिरीतील जल विवक्षित कालावधीपुरते प्राशनार्थ निषिद्ध...’ शब्द एकशे अठरा, वाक्य एक. सौ.ला वाचून दाखवली. भाकरी थापता थापता शेवटपर्यंत ऐकली. म्हणाली, समजलं.

संध्याकाळी
दवंडीआधी कडूबा कोतवालाने विचारलं, ‘पानी भरू नोका’ एवढंच सांगू का? सक्त ताकीद दिली, पदरचा एक शब्द नको. त्याने सूचना एकदाच ऐकून पाठ म्हटली. मला अजून जमलेली नाही. म्हातारी गोजरबाई दवंडी संपेपर्यंत हात जोडून उभी होती. याला म्हणतात कायद्याचा वचक.

४ मे, दुपारी
पहाटे औषध पडलं आणि उजाडताच विहिरीवर सारं गाव! सरपंच भगवंतराव मलाच बोलले. लोकांना म्हणे वाटलं, सरकार विहीर जप्त करतंय, त्याआधी हंडे भरून घ्यावेत. गावाने आजवर ‘ज्याअर्थी’ ऐकलं ते जप्तीतच. नशीब, औषधाच्या वासाने पाणी ओतून दिलं. अडाणी लोक.
घरी येऊन दोन तांबे पाणी प्यालो. जरा वास आला. पण आमच्या घरी सूचना समजलेली आहे, तेव्हा पाणी मळ्यातल्या विहिरीचंच असणार.

संध्याकाळी ६
सातव्यांदा जाऊन आलो. सौ. म्हणते, मले काऊन रागावता? तुम्ही जप्तीचं वाचलं, म्हून मीच सगळ्यात आधी हंडे भरले. आळीलेबी मीच सांगतलं.

दिवेलागण
कडूबाने मला न विचारता दुसरी दवंडी दिली. खाटेवरून ऐकली. ‘ऐका हो! उद्या सकाळपर्यंत विहिरीचं पानी पिऊ नोका. सेक्रेटरी सायेब प्याले, दुपारपासून लोटा घेऊन धावून राह्यले!’ विहिरीकडे चिटपाखरू फिरकलं नाही. लाज वाटली.

९ मे, सोमवार
बीडीओ साहेबांचं पत्र! सूचना अत्यंत पसंत. हाच नमुना तालुकाभर. सोबत मजकूर जोडला आहे. कडूबाचा. सेक्रेटरीने सुवाच्य अक्षरात चाळीस प्रती काढाव्यात.
‘लोटा’च्या जागी ‘जलपात्र’ लिहून पाहिलं. भगवंतराव म्हणाले, नोका करू, लोक पुन्हा हंडे घेऊन पळतील.
लोटाच ठेवला. सत्तावीस प्रती झाल्या.