पंधरावा दगड

दि. ४ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. पण दिवसातून दोनदा जिना चढून गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालणाऱ्या बाईला गुडघ्याची तक्रार करायचा हक्क नाही, असं बाबांचं म्हणणं आहे. मी आपला निरोप्या.

इकडे कामातून मान वर काढायला फुरसत नाही. अणुभट्टीतून निघालेला कचरा पाचशे मीटर खोल खडकात पुरायचा आणि लाखभर वर्षं तो तिथून हलणार नाही याची खात्री द्यायची, ही आमची नोकरी. साध्या मिक्सरची हमी दोन वर्षांची असते, ती गोष्ट वेगळी. आमच्या जागेतून खडकाची एक जुनी भेग जाते. तिच्या दोन्ही बाजू अजून सरकताहेत का, एवढाच प्रश्न राहिलाय. सरकत असतील तर जागा बाद.

गंमत म्हणजे तिथल्या पंधरा खुणेच्या दगडांची उंची छत्तीस वर्षांपूर्वी तू मोजली होतीस. तुझी नोंदवही मागवून घेतली. काय अक्षर आहे! खाडाखोड म्हणून नाही. तुझ्या अठरा वर्षं आधीची एक वही आहे, तिच्याशी तुझे आकडे तंतोतंत जुळतात. गोम एकच आहे. भेगेच्या पलीकडे एकच दगड आहे, पंधरावा. तो आमच्या मोजणीत बारा मिलिमीटर वर आलाय. साहेबांचं मत असं की जुन्या दोन वह्या एक सांगतात आणि आम्ही दुसरं, म्हणजे चूक आमचीच. आमचा आकडा बाजूला ठेवून तुझा धरायचा आणि वीस तारखेला अहवालावर सही करायची. मलाही ते पटतंय. तुझ्यापेक्षा आमचा हात नेमका, असं कोण म्हणेल? तरी त्या दगडाने तुला काही त्रास दिला होता का, तेवढं कळव.

लोभ आहे तसाच ठेव, वाढवलास तर हरकत नाही.
तुझा ढेकळ्या


दि. ९ मार्च

चि. ढेकळ्यास,
अनेक आशीर्वाद.

पोस्टमन पत्र शेजारी टाकून गेला, म्हणून दोन दिवस उशीर. शेजारच्या मांजरीने माझ्या कपाटात तीन पिल्लं घातली आहेत. शेजारीणबाई म्हणतात की मांजर त्यांची, पण पिल्लं माझ्या कपाटातली म्हणून माझी. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी तुटली, सुतार उद्या उद्या करतोय. तू वेळेवर जेवतोस का? लहानपणी खिशातून ढेकळं आणायचास, आता खडक आणत असशील.

कामाचं म्हणशील तर फार जुनी गोष्ट झाली, काही आठवत नाही. साहेब सांगतात तसं करावं.

तब्येतीला जप. घरच्यांना आशीर्वाद सांग.
तुझी आत्या


दि. १२ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मांजरीवर अर्धं पान आणि पंधराव्या दगडावर एक ओळ? माझे तिसरीतले गणिताचे मार्क अजून चारचौघांत सांगणारी बाई म्हणते की आठवत नाही! आत्या, पाणी कुठेतरी मुरतंय. तू मला दुर्बिणीतून उंची मोजायला शिकवलंस तेव्हा एकच सांगितलं होतंस, की दिसतं ते लिहायचं. म्हणून पुन्हा विचारतो. वीस तारखेला मी तुझ्या आकड्याच्या भरवशावर सही करणार आहे. करू ना?

रागावलीस तरी उत्तर धाड.
तुझा ढेकळ्या


दि. १५ मार्च

चि. ढेकळ्यास,
अनेक आशीर्वाद.

सही करू नकोस.

सोबत एक पान आहे. पिवळं पडलंय, जपून उघड. तू पाहिलीस ती वही मी दुसऱ्यांदा बसून लिहिलेली आहे. हे पान मूळ वहीतलं, तिच्यात पंधरावा दगड चार मिलिमीटर वर होता. मी तीनदा मोजला. जाताना, येताना आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार हवेत. तिन्ही वेळा चार. पथकप्रमुखांनी सुनावलं की जमीन काही उड्या मारत नाही, नजर चुकते. जुन्या वहीशी जुळल्याशिवाय पथक हलायचं नाही. सगळ्यांना घरी जायचं होतं आणि सगळे माझ्याकडे बघत होते. मी जुळवलं. आमच्यात खोडायची बंदी. चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारायची, पण आकडा वाचता आला पाहिजे. म्हणून अख्खी वहीच नवी लिहून काढली. तुला आवडलेलं अक्षर ते. त्या वहीबद्दलचं प्रशस्तिपत्र माझ्या बैठकीत लावलेलं तू पाहिलंयस.

खोटं लिहिलं याची लाज वाटलीच. पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते नजर गेली याचं. तीनदा पाहून तीनदा चुकते, तिने दुर्बिणीला कशाला डोळा लावावा? त्याच हंगामानंतर मी टेबलावरचं काम मागून घेतलं. तुझ्या बाबाला गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा तेव्हा ठणठणीत होता.

माझे चार खरे की खोटे, मला ठाऊक नाही. पण वहीत आहे तो आकडा मी कधी पाहिलेला नाही, एवढं नक्की. माझ्याशी जुळवायला जाऊ नकोस.

आता लोभ ठेवायचा की नाही, तुझं तू ठरव.
आत्या


दि. २३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

लोभाचं नंतर, आधी हे वाच.

पहिली वही शून्य धरली. अठरा वर्षांनी तुझे चार. त्यानंतर छत्तीस वर्षांनी आमचे बारा. तिन्ही ठिपके कागदावर मांडून साहेबांसमोर पट्टी ठेवली. एका रेघेत. दर अठरा वर्षांना चार मिलिमीटर, ना कमी ना जास्त. याच चालीने लाख वर्षांत बावीस मीटर होतात. आमचे नुसते बारा असते तर चूक म्हणून सोडून दिले असते. तुझ्या चारांमुळे ते सोडता आले नाहीत. साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि तुझ्या पानाची प्रत मागितली.

जागा बाद झाली. माझी दोन वर्षं पाण्यात गेली, पण कचरा तरी जाणार नाही. अहवालात तुझं पान जोडलंय, नावासकट, आणि वही नव्याने का लिहिली तेही लिहिलंय. तुला न विचारता केलं. रागाव.

आत्या, तुझी नजर चुकली नव्हती. जमीन सरकत होती.

तुझ्या लोभातच आहे.
ढेकळ्या


दि. २८ मार्च

चि. ढेकळ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. आलं तेव्हा, जेवण झाल्यावर आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गार हवेत. तिन्ही वेळा तेच लिहिलं होतं.

मग मी रडले. नावाचं काही नाही, ते जोडलंस ते बरंच केलंस. प्रशस्तिपत्र उतरवलं. त्याची काच पिल्लांच्या खोक्यावर ठेवणार होते, पण सुतार म्हणाला की ती गुदमरतील.

पुढची मोजणी कधी आहे ते कळव. गुडघ्याचं मी बघते. मापकाठी तू धर, दुर्बिणीला डोळा मी लावणार.

तुझी आत्या