निळ्यावर नारिंगी

सोमवार, ३ नोव्हेंबर

कॉल सातचा, पोचले साडेसातला. पन्हाळा रोडला उसाच्या ट्रॉल्या. आमच्या शूटिंगच्या शेडवर आज कुस्तीनंतरचा सीन. मालिकेत केतकी पैलवानाची पोरगी, त्यामुळं आठवड्याला काहीतरी फुटतंच. ओठ, भुवई, कान. आजची फुटलेली भुवई मेकअपमध्ये चांगली जमली. रक्त जरा पातळ झालं होतं, पण मॉनिटरवर कळलं नाही. कॅमेरामन म्हणाले, "शैलाताई, बघून मलाच दुखाय लागलं की."

दंडाला रंग लावायला तिची बाही वर केली. आतल्या बाजूला, काखेखाली, चार डाग. बोटांएवढे. जांभळे.

मी काढलेले नव्हते.

"तालमीत लागलं," म्हणाली. कुस्तीचा सराव करतात तिच्याकडून, खरं आहे. पण दंडाच्या आतून असं लागत नाही. विचारलं नाही. झाकले.

बुधवार, ५ नोव्हेंबर

डाग हिरवट व्हायला लागलेत. माझे वडील, आबा, म्हणायचे, मार ओळखायचा असला तर रंग बघ, माणूस खोटं बोलेल, रंग नाही बोलणार. ते जुन्या स्टुडिओत तीस वर्षं नटांची तोंडं रंगवत होते. मला पोरीच्या जातीला हे शिकवतायत म्हणून त्यांना लोक हसायचे. पहिल्या दिवशी लाल, मग निळा-जांभळा, पाच-सहा दिवसांनी हिरवा, मग पिवळा. लालवर हिरवं लावायचं, निळ्यावर नारिंगी. वर कातडीचा रंग. स्पंज घासायचा नाही, नुसता दाबायचा.

आज त्या हिशोबानं मागं मोजत गेले. शुक्रवारी रात्री किंवा शनिवारी. तेव्हा आम्हाला सुट्टी होती. तालीमही बंद होती.

शनिवार, ८ नोव्हेंबर

नवा. मानेच्या मागं, केसांच्या खाली. लाल, ताजा.

मी आरशात बघितलं, तिनं आरशात बघितलं. व्हॅनिटी व्हॅनमध्ये आम्ही दोघीच. बाहेर विक्रांतचा आवाज येत होता, कुणावर तरी ओरडत होता, लाइट का लागली नाही म्हणून. विक्रांत म्हणजे तिचा नवरा आणि आमचा निर्माता. सगळं युनिट त्याला दादा म्हणतं. मीही.

अंबाडा खाली घातला. दिग्दर्शकाला सांगितलं, पैलवानाच्या पोरीला असाच शोभतो. ऐकलं त्यांनी.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

शेवटी विचारलं. "दादा मारतात का गं?"

ती हसली आधी. मग म्हणाली, "रोज नाही." जसं काही मी चहाचं विचारलं होतं.

मग रडायला लागली. सेटवर एरवी अगदी पुस्तकातलं बोलते, शिकवणी लावून शिकलेली. आज गडहिंग्लजची बोली आली तोंडात. "मी कुठं जातो आता, ताई? मालिका त्येची, करार त्येचा, घर त्येचं. सोडून गेलो तर दुसरीकडं काम करू देणार न्हाय, कागदावर सही हाय माझी." आई गडहिंग्लजला एकटी असते. तिला काय सांगू म्हणाली. ती गल्लीत सगळ्यांना टीव्ही लावून दाखवते.

अंबाबाईची शपथ घातली मला. कुणाला बोलायचं नाही. आणि डोळ्याखालचं सगळं रडून गेलेलं, परत पहिल्यापासून करायला लागलं. बारा मिनिटं उशीर. बोलणी मी खाल्ली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

हे लिहू की नको, ठरत नव्हतं.

आज सकाळी आली ती गालाचं हाड सुजलेलं घेऊन. डाव्या बाजूला. झाकणं अशक्य. रंग झाकता येतो, सूज नाही झाकता येत. कोणत्याही लाइटला सावली पडणार. मी म्हटलं, आज आजारी आहे म्हणून सांग. नको म्हणाली. आजच्या सीनमध्ये कुस्ती हरल्यावर तिला मार लागलेलाच असतो. "ताई, याच्यावरच काढा ना. म्हणजे प्रश्नच नाही."

काढलं. म्हणजे काढायचं असं काही नव्हतंच. कडा जरा गडद केल्या, ओठाला थोडं रक्त.

शॉट झाला. दिग्दर्शक मॉनिटरवरून उठून आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "शैलाताई, आजवरचं सगळ्यात भारी काम तुमचं! सूज कशी आणलीत?" युनिटनं टाळ्या वाजवल्या. लाइटवाल्यांनीसुद्धा.

विक्रांत मॉनिटरमागं उभा होता. तोही वाजवत होता. माझ्याकडं बघत.

केतकी उठून व्हॅनिटीत गेली. मी मान खाली घालून "थँक्यू सर" म्हणाले. खरंच म्हणाले तसं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

विक्रांत व्हॅनिटीत आला. मी ब्रश धूत होते. कधी येत नाही.

"ताई, तुमच्या हाताला तोड न्हाय बघा."

मी दुसरा ब्रश धुवायला घेतला.

"असंच सांभाळून घ्या. तुमच्या मिस्टरांची गाडी आपल्याकडंच हाय न्हवं? चांगला मानूस हाय. पुढच्या मालिकेलाबी तीच लावू."

गेला. आमचा टेम्पो सेटचे लाइट ओढतो, दोन वर्षं झाली. त्यानं मुद्दाम येऊन आठवण करून द्यायची गरज नव्हती. मला कळलं होतंच.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज नकार दिला. मनगटावर आवळल्याचे वळ होते, दोन्ही हातांवर. मी स्पंज खाली ठेवला. म्हटलं, केतकी, मी नाही झाकणार. बघू देत सगळ्यांना.

मला वाटलं, बरं वाटेल तिला. कुणीतरी बाजू घेतली म्हणून.

ती एवढी चिडली! "तुम्हाला काय जातंय? सीन थांबला तर घरी कोण ऐकून घेणार? तुम्ही? दिसलं की 'तू मुद्दाम दाखवलंस' म्हणून आणखी..." वाक्य अर्धंच सोडलं. स्पंज स्वतः उचलला आणि लावायला लागली. सगळे पट्टे दिसत होते.

मी तिच्या हातातून घेतला. दाबून दाबून लावला. एकदम सफाईनं. कुणालाच कळलं नाही. हेच येतं मला.

गुरुवार, २० नोव्हेंबर

कंटिन्युइटीसाठी मी रोज फोटो काढते, मेकअपच्या आधी आणि नंतर. उद्याचा सीन कालच्याशी जुळला पाहिजे म्हणून. आधीच्या फोटोंत सगळं आहे. दंड, मान, गाल, मनगटं. तारखेसकट. परवापासून तेच डोक्यात.

आज दुपारी प्रॉडक्शन मॅनेजर सगळ्यांना म्हणाला, सेटचे फोटो बाहेर जातायत, सगळ्यांनी फोनमधून काढून टाका, दादांचा हुकूम. बाकीच्यांचं वरवर बघितलं. माझा फोन हातात घेऊन बसला. "ताई, डिलीटच्या डब्यातलंपण." ते बटण मीच दाबलं. त्याला दाखवून दाबलं.

रिकामं झालं सगळं. आता माझे डोळे तेवढे उरले. त्यांची काय किंमत.

रविवार, २३ नोव्हेंबर

सुट्टी. शपथ मोडली. अंबाबाई बघून घेईल.

ह्यांना सगळं सांगितलं. हे अंगणात टेम्पोच्या काचा पुसत होते. पुसायचे थांबले नाहीत. शेवटी म्हणाले, "तोंड उघडलंस की काम गेलं, गाडी दारात. माहीत हाय न्हवं?"

"माहीत आहे."

"आणि तुला कोल्हापुरात कोण काम देणार मग?"

"कुणी नाही."

मग बराच वेळ एकच काच पुसत बसले. जेवताना एकदम म्हणाले, "चौदा तारखेला मीबी टाळ्या वाजवल्या." मला माहीत नव्हतं. ते मागं लाइटजवळ उभे होते.

दोघंही जेवलो नाही नीट.

बुधवार, २६ नोव्हेंबर

झालं.

सकाळी आली. उजवा डोळा अर्धा मिटलेला, भोवती काळा-निळा. सीन लग्नाचा. हळद, हिरवा चुडा. मी नारिंगीची डबी उघडली. तिनं झाकण लावलं.

"आज काही लावू नका."

"काहीच?"

"केस बांधा फक्त."

बांधले. पिवळी साडी नेसवली. ती पायऱ्या उतरून सरळ मांडवात जाऊन उभी राहिली, फुलांच्या खाली. साठेक माणसं असतील. दिग्दर्शक मॉनिटरमध्ये बघतच म्हणाले, "शैलाताई, हा सीन मारामारीचा नाहीये!" मग मॉनिटरवरून नजर काढून तिच्याकडं बघितलं.

"मेकअप नाहीये, सर," ती म्हणाली. "हे मी घरून आणलंय."

मोठा पंखा चालू होता, तेवढाच आवाज. विक्रांत पुढं आला, हसत. "अहो, बाथरूममध्ये पडली म्हणून..." ती मागं सरकली. दोन पावलं. बस, तेवढंच. पण ते सरकणं सगळ्यांनी बघितलं. तसं कुणाला शिकवून येत नाही.

दिग्दर्शक म्हणाले, पॅकअप.

मला वाटलं कुणीतरी काहीतरी बोलेल. लोकांनी वायरी गुंडाळायला घेतल्या. कॅमेरामन लेन्स पुसत बसले. मीही उभीच. मग हे लाइटकडून आले, तिच्यापुढं जाऊन म्हणाले, "पोरी, गाडीत बस. गडहिंग्लजला सोडतो." विक्रांत म्हणाला, "गाडीला हात लावायचा न्हाय, ती माझ्या कामावर हाय." हे म्हणाले, "कामावर हाय, पण माझी हाय."

ती मध्ये बसली, मी कडेला. निपाणीच्या अलीकडं चहा घेतला. आईनं दार उघडलं, लेकीचं तोंड बघितलं, आणि आम्हाला म्हणाली, "पावणं, आत या." एवढंच. मग भिंतीला धरून खाली बसली.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

टेम्पो दारात. अपेक्षेप्रमाणं. ह्यांनी दोन ठिकाणी फोन केले, दोन्हीकडं "बघू, कळवतो".

मला मात्र काढलेलं नाही. मॅनेजरचा मेसेज, सोमवारी सातचा कॉल, नेहमीसारखा. हे मला जास्त भीतीचं वाटतंय.

शनिवार, २९ नोव्हेंबर

केतकीचा फोन. पोलिसांत तक्रार दिलीय. आई बरोबर होती. विक्रांतनं वकिलाकडून उलट कळवलंय की ती सीनच्या सरावात पडली, सगळं युनिट साक्षीला आहे. युनिटातल्या नऊ जणांनी तसं लिहून दिलंय म्हणे. कॅमेरामननीही.

आणि करार तसाच आहे. सोमवारी सेटवर नाही गेली तर तिच्यावरच दावा. "मी येतेय ताई. माझ्या मावशीकडं उतरते, त्याच्या घरी नाही जात. पण सेटवर येतेय." मग, "तुम्ही असाल ना?"

संध्याकाळी पोलीस ठाण्यातल्या बाईंचा फोन. तुम्ही रोज बघत होता असं केतकी सांगते, म्हणाल्या. सोमवारी या, काय बघितलं ते सांगा, जबाब घ्यायचाय. फोटो आहेत का? नाही म्हटलं. मग तुमच्या बोलण्यावरच आहे, म्हणाल्या. लवकर या, आठला.

सातला कॉल. आठला जबाब. शेड पुलाच्या पलीकडं, ठाणं अलीकडं.

सेटवर गेले नाही तर तिच्यासोबत व्हॅनिटीत कोण? विक्रांत आहे तिथं. ठाण्यात गेले नाही तर माझ्या नावाचा दहावा कागद केल्यासारखंच. आणि जबाब देऊन सेटवर गेले तर गेटवरूनच परत.

सोमवार, १ डिसेंबर

पहाटेच उठले. पेटी भरली, सवयीनं. ह्यांनी विचारलंच नाही, टेम्पो पुसून तयार. केतकीचा मेसेज, निघालेय. बाईंचा मेसेज, वाट बघतेय.

साडेसहाला चावी हातात घेऊन हे दारात. म्हणाले, "कुठं सोडू? शेडवर का ठाण्यात?"

"गाडी तर काढा. पुलाच्या अलीकडं सांगते."