किसनरावचा एक्सल अन् मामाचा मान

अमडापूर

आदरणीय महादेवदाजी,

भगवानचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? अक्काले सांगा, खारोड्या पोचल्या, अन् अर्ध्या मी एकट्यानंच खाल्ल्या. योगिनीचं लग्न जुळलं म्हणून घरात पुरण केलं. फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणून मले मधातच तोडता, म्हणून पत्र लिहून राह्यलो. हे तोडता येत नाही.

ऐकलं की जावयाच्या वरातीले आमच्या गावच्या किसनरावची फोर्ड सांगितली. दाजी, पोरीचा सख्खा मामा जिवंत आहे! त्याच्या दारात तशीच जुनी फोर्ड उभी आहे! (उभी आहे हे खरं. काऊन उभी आहे, तेच सांगतो.) खोटं काऊन बोलू, जळतोच मी त्या माणसावर.

आमच्या दोघाच्या गाड्या म्हणजे जुळ्या बहिणी. फरक फक्त मागच्या चाकांच्या एक्सलमधल्या गिअरच्या दातांचा. माह्या गाडीचे दात बैलासारखे, हळू पण जोरानं ओढणारे. त्याचे पळणारे. परसाल खामगावच्या रस्त्यानं त्यानं मले मागं टाकलं अन् वरून हात हलवला. तो हात मले जेवू देईना. शेवटी गोपाल मिस्त्रीले मधात घालून मी एक्सलची अदलाबदल केली. त्याचा पळणारा मले, माहा हळू त्याले. किसनराव हसत हसत हो म्हणाला, तवाच समजाले पाहिजे होतं. गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंतचा लांब शाफ्टही ने म्हणे, त्या एक्सलच्याच मापाचा आहे. मी म्हणलं, तुहे उपकार नको, माहा शाफ्ट आहे. बोटभर आखूड होता, पण रिकाम्या गाडीत बसला बिचारा.

पण दाजी, आपल्याकडं जुनी फोर्ड कोणी पळवाले बोलावते का? बोलावते वरातीले! अन् वरातीत गाडी बँडच्या मागं मुंगीच्या पावलानं चालाले पाहिजे. गावातल्या बनाबाईच्या नातवाच्या वरातीत मी पहिला गिअर टाकला, तर ती चालेचना, पळेच. क्लच दाबून दाबून पाय गेला. बँडवाले वाजवत पळून राह्यले, नाचणारे पोट्टे बाजूले उड्या मारून राह्यले, अन् आम्ही मांडवात पोचलो तवा नवरी अजून न्हात होती. मंग म्हणे गावातून एक चक्कर मारून आणा. वजनानं तरी हळू चालंल, असा विचार करून मी मागं नवरदेवाच्या दोन आत्या, मामा अन् मोठ्या ढोलासकट ढोलवाला बसवला. (आत्या काही बारीक नव्हत्या.) स्प्रिंगा दबल्या, एक्सल मागं सरकला, शाफ्ट निसटला अन् धाडकन रस्त्यावर पडला. नवरदेव उतरून कोणाच्या गाडीत बसला, ते तुमाले सांगाले नको. अन् ती कशी डौलात चालली! मी दिलेल्या दातांवर! तवापासून माही गाडी दारात उभी, अन् तालुक्यातल्या सगळ्या वराती त्याच्या. लोकं म्हणतात, वा किसनराव, काय सावकाश चालते! अन् मी पारावर बसून ऐकतो.

वच्छला म्हणते, "तुमी पळणाऱ्या गाडीवर जळले, आता चालणाऱ्या गाडीवर जळून राह्यले. उभ्या गाडीवर जळा ना, ती आपल्याच दारात आहे." घरच्या माणसानं नवऱ्याले असं बोलावं का?

बाकी सगळं ठीक. अक्काले नमस्कार, लेकराबाळाले आशीर्वाद.

तुमचा मेहुणा,
भगवान

ता.क. जावई माह्याच गाडीतून मांडवात आला पाहिजे. मामाचा मान आहे. किसनरावले साफ नाही सांगा.

दुसरा ता.क. एकदम नाही सांगू नका. माही गाडी तुमच्या लोणारपर्यंत ओढून आणाले त्याचीच गाडी लागते. मी त्याच्याशी बोलत नाही, म्हणून तुम्हीच विचारा. दोर माह्याकडं आहे.

तिसरा ता.क. गोपाल म्हणते, नवा शाफ्ट लग्नापर्यंत होत नाही. मंग वरातीतही दोर राहू द्या. त्याले झेंडूच्या माळा गुंडाळू. पुढं किसनराव, मागं जावई. कोणी विचारलं तर एवढंच सांगा, ओढणारे दात मामाचे आहेत.